गळ्याचं माप

माझ्या घरात कात्री कुलपात असते. शिलाईकाम करणाऱ्या बाईच्या घरात कात्रीला कुलूप, हे गिऱ्हाइकांना सांगायची सुरुवातीला फार लाज वाटायची. कपडा बेतायचा म्हटलं की गळ्यातली किल्ली काढा, लोखंडी पेटी उघडा, कापा, पुन्हा पेटीत ठेवा. पुढे लाज सरली, कारण गिऱ्हाइकंच सरली.

कुलूप मंडळाच्या हुकमानं आलं. मंडळ म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचा न्याय करणारं मंडळ. मधे न्यायाधीशबाई, दोन बाजूंना दोन सभासद. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीनं, भिंगरीनं, शाळेत एका मुलीच्या डोक्यात स्टीलची बाटली घातली होती. टाके पडले. त्याआधीही कुणाला ढकल, कुणाला चाव, असं चालूच होतं, पण ते घरात आणि वर्गात जिरत गेलं. रक्त आलं तेव्हा प्रकरण मंडळापुढे गेलं. पोरीचं वय चौदा. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मीच ठेवलेलं. आता ती एका जागी तासन्‌तास बसते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

न्यायाधीशबाईंनी समजावून सांगितलं होतं. एवढ्या वयाच्या मुलाला शिक्षा हा पहिला विचार नसतो. घरात कुणी लायक माणूस असेल, त्यानं हमी दिली, तर मूल त्याच्याकडे देखरेखीखाली राहू शकतं. ते जमलं नाही तर विशेष गृह, म्हणजे अशा मुलांना ठेवायची सरकारी जागा. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीच्या मांडीवर धाकटा झोपला होता. ती म्हणाली, "मला लहान मूल आहे. माझ्याच्यानं नाही होणार." भिंगरी शेजारीच बसली होती. तिनं वरही पाहिलं नाही, बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

मी मागच्या बाकावर होते. मला कुणी विचारलं नव्हतं. मी उठले आणि म्हटलं, "मी नेते." माझा स्वभावच एक घाव दोन तुकडे. टेबलावर कापड पसरलं की मी घुटमळत बसत नाही. बहिणीनं मान खाली घातली. घरी जाताना ती मला म्हणाली, "ताई, तुला माहीत नाही गं ती." मी म्हटलं, "तुला तरी कुठं माहीत आहे?" हे बोलायला नको होतं, पण माझी जीभ कात्रीपेक्षा धारदार, आणि तिला कुलूप लावायचा हुकूम अजून कुणी काढलेला नाही.

अटी होत्या. धारदार वस्तू कुलपात. मुलीला एकटं बाहेर सोडायचं नाही. समुपदेशनाला दर आठवड्याला न्यायचं. देखरेख अधिकारी येतील तेव्हा घर दाखवायचं. आणि शेवटची अट: हात उगारण्याचा, मारहाणीचा कुठलाही प्रकार झाला तर त्याच दिवशी अधिकाऱ्यांना कळवायचं. मी सगळ्याला हो म्हटलं.

अधिकारी दर गुरुवारी यायचे. त्यांना बारा महिने सर्दी. रुमाल नाकाला लावूनच ते जिना चढायचे, म्हणून भिंगरीनं त्यांचं नाव सर्दीसाहेब ठेवलं. आमच्या घरात ती पहिल्यांदा काही गमतीचं बोलली ते हेच. मी हसले, तर ती लगेच गप्प झाली, जणू माझं हसणं तिच्या अंगावर आलं होतं.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढची कामाची: खिडकीखाली मशीन, मधोमध कापायचं लांब टेबल, भिंतीशी इस्त्री आणि दोन धडं, ज्यांच्यावर कपडे चढवून बघायचे. मागची झोपायची आणि स्वयंपाकाची. इथं मी इतकी वर्षं एकटी राहिले आणि मला ते कधी जाणवलं नव्हतं. मशीन बोलतं, रेडिओ बोलतो, गिऱ्हाईक बोलतं. भिंगरी आली आणि हे तिन्ही बंद झालं. मशीनच्या आवाजानं ती कान झाकायची म्हणून मी ती अंघोळीला गेली की शिवायचे. रेडिओ तिला नको असायचा. आणि गिऱ्हाइकांचं म्हणाल तर एक बाई पँट आखूड करायला आल्या, त्यांनी पडद्याआड तिला पाहिलं, पँटची घडी पुन्हा काखेत मारली आणि "घाई नाही, नंतर येते" म्हणून गेल्या. नंतर म्हणजे कधी ते मला अजून कळलेलं नाही. बातमीला पाय असतात.

तर आम्ही दोघी गप्प. एकाच टेबलाच्या दोन टोकांना जेवायचो. ती उठून ताट धुवायची, मग माझं उचलायची, न विचारता, न बोलता. बटणांचा मोठा डबा होता, तो तिनं एकदा ओतला आणि रंगांप्रमाणे बटणं वेगळी करायला बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी बटणं एकत्र केली आणि आकारांप्रमाणे वेगळी केली. मी म्हटलं, "काम संपू नये म्हणून करतेस काय?" ती म्हणाली, "हो." एवढंच. पण त्या हो नंतर मी दुसरा कप फळीवरून काढून माझ्या कपाशेजारी कायमचा ठेवला. एकटेपणा म्हणजे काय हे मला कप एक असताना कळलं नव्हतं. दोन झाल्यावर कळलं, कारण आता एक उचलला जाईल अशी भीती लागली.

ती कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही. केस स्वतः विंचरायची, ताप आला तर कपाळ स्वतः बघायची. कुणाचा तरी जुना, कोपराला विरलेला स्वेटर घालायची, दोघी मावतील एवढा. मंडळाची फेरतपासणी जवळ आली तेव्हा मला वाटलं, या स्वेटरात तिला घेऊन गेले तर न्यायाधीशबाई काय म्हणतील? पोर कुणाची तरी आहे असं दिसलं पाहिजे. निळं लोकरीचं कापड माझ्याकडे पडून होतं. मी कोट बेतला.

माप मी घेतलं नाही, घेता येत नव्हतं. पण मला माझ्या नजरेचा गर्व. जिना चढणाऱ्या माणसाच्या खांद्याची रुंदी मी दारातून सांगते. तिच्याही खांद्याचा, बाहीचा, लांबीचा अंदाज बरोबर निघाला. कच्च्या धाग्यानं जोडून धडावर चढवला, झकास बसला. फक्त गळा. गळा डोळ्यांनी कळत नाही, त्याला टेप लावावाच लागतो.

आता माझी कामाची पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. गळ्याचं माप घ्यायला मी माणसाच्या मागं उभी राहते. समोरून घेतलं तर मान ताठ होते, श्वास रोखला जातो, माप खोटं येतं. म्हणून माणूस दुसऱ्या कशात गुंतलेला असताना मागून जायचं, टेप गळ्याभोवती टाकायचा, दोन टोकं पुढं जुळवायची, आकडा मनात धरायचा आणि बाजूला व्हायचं. मला हे माझ्या गुरूनं शिकवलं. आतापर्यंत हजारो गळ्यांची मापं मी अशी घेतली असतील, त्याबद्दल कुणाला विचारलं नाही आणि कुणी तक्रारही केली नाही.

दुपार होती. ती बटणं वेगळी करत होती, पाठ माझ्याकडे. तिचं लक्ष बटणांत होतं. मला वाटलं, हीच वेळ. मी हळूच मागं गेले आणि टेप टाकला.

पुढचं मला धड दिसलंही नाही. बटणं जमिनीवर उडाली, खुर्ची आडवी झाली. कात्र्या सगळ्या कुलपात होत्या, टाचण्यासुद्धा. पण टेबलावर लाकडी गज पडला होता, कापड मोजायचा, दोन हात लांब, जाड. त्या गजाचं नाव कुठल्याच अटीत नव्हतं. तिनं तो उचलला आणि फिरवला. मी तोंडावर हात आणला, म्हणून तोंड वाचलं. उजव्या हाताचा अंगठा वाचला नाही. आवाज आला तो लाकडाचा आला असं मला वाटलं.

मी ओरडले नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या गजाकडे, आणि तो टेबलावर होता तिथं नीट ठेवून दिला. मग टेबलाखाली जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. मी म्हटलं, "बाहेर ये. डॉक्टरकडे जायचंय, आणि तुला एकटीला ठेवून मला जाता येत नाही." ती आली. रस्ताभर ती माझ्या दोन पावलं मागून चालली, आणि रस्ता ओलांडताना माझी पिशवी तिनं घेतली.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "दारात सापडला." त्यांनी अंगठ्याला पट्टी बसवली आणि महिना-दीड महिना काम बंद म्हणाले. शिंपिणीला असं सांगणं म्हणजे गवयाला गाऊ नका सांगणं.

त्या दिवशी मी अधिकाऱ्यांना कळवलं नाही. गुरुवारी सर्दीसाहेब आले. रुमाल खिशात घातला, माझा हात पाहिला. "हे काय ताई?"

"दारात सापडला."

"कुठल्या?"

मी मागच्या खोलीचं दार दाखवलं. ते दारापाशी गेले, उघडलं, लावलं, परत आले. भिंगरी बटणांपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते. साहेब म्हणाले, "काही सांगायचं राहिलंय का?" मी म्हटलं, "नाही. चहा घ्या." त्यांनी चहा घेतला आणि गेले.

मला वाटलं, निभावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या दिवसापासून भिंगरी माझ्या ताटाला हात लावेना. बटणांचा डबा बंद. स्वेटर, दोन कपडे, दात घासायचा ब्रश असं सगळं पिशवीत भरून तिनं पिशवी दाराशी आणून ठेवली आणि बूट घालून बसू लागली. मी विचारलं, "कुठं निघालीस?" ती म्हणाली, "कुठं नाही. नेतील ना कधीतरी."

"कोण नेतंय? मी सांगितलंय का कुणाला?"

"म्हणूनच," ती म्हणाली.

मला राग आला. हात ठणकत होता, काम बंद होतं, आणि वर ही असली भाषा. मी म्हटलं, "तुझ्यासाठी खोटं बोलले मी. कळतंय का? खरं सांगितलं असतं तर एव्हाना तू गृहात असतीस."

"आई पण असंच म्हणायची."

"काय म्हणायची?"

"तुझ्यासाठी बोलले." ती बुटाच्या टोकाकडे बघत बोलत होती. "आधी बाबांचं झाकलं. मग माझं झाकलं. मग एकदम म्हणाली, माझ्याच्यानं नाही होणार."

"बाबांचं काय?"

"ते मागून यायचे. मान धरायचे." बटणांचा डबा कुठं ठेवलाय हे सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं. "समोरून आले असते तर कळलं असतं."

मी खाली बसले. तिचा बाप, माझा मेहुणा, दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. जोरजोरात हसणारा, गप्पिष्ट माणूस. त्याचे शर्ट मीच शिवायचे. त्याच्या गळ्याचं माप मला आजही पाठ आहे. आणि त्याच्या पोरीच्या मानेला काय माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. बहिणीला माहीत होतं. तिनं मला सांगितलं नाही, मंडळालाही नाही. आणि मी तिला म्हटलं होतं, तुला तरी कुठं माहीत आहे.

"मला मारायचं नव्हतं," भिंगरी म्हणाली. "पण मारलं. तू म्हणतेस दार. दार म्हटलं की मग काही झालंच नाही असं होतं. मग पुन्हा होतं."

आता खरं सांगते. ते खोटं मी तिच्यासाठी बोललेच नव्हते. मला माझा दुसरा कप जायला नको होता. पोर घरात राहावी म्हणून मी तिच्यासमोर तिचं कृत्य पुसून टाकलं, आणि तिला वाटलं, आता हीही घाबरली, आता हीही एक दिवस म्हणणार, माझ्याच्यानं नाही होणार. तिचं चुकलं नव्हतं. बहिणीला मी मनातल्या मनात किती बोल लावले होते, आणि मी काय वेगळं केलं?

"सांगते," मी म्हटलं. "तुला नेलं तरी सांगू?"

ती म्हणाली, "हो."

फेरतपासणीला ती स्वेटर घालूनच आली, कारण कोटाला गळा नव्हता. कोट मी पिशवीत घेतला होता. का, ते सांगता येणार नाही. बहीण आली नाही, धाकट्याला ताप होता. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "मुलीचं वागणं कसं आहे?" शेजारी सर्दीसाहेब रुमाल हातात धरून बसले होते.

मी म्हटलं, "हा अंगठा दारात सापडलेला नाही. तिनं गज मारला. मी मागून जाऊन तिच्या गळ्यात टेप टाकला होता, न विचारता. तिला मागून कुणी गेलेलं चालत नाही. का चालत नाही ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आता आहे, आणि ते तिच्या आईनंही तुम्हाला सांगितलेलं नाही. मी कळवायला हवं होतं. नाही कळवलं. डॉक्टरांशी खोटं बोलले, साहेबांशी खोटं बोलले."

बाईंनी चष्मा काढला. भिंगरीला विचारलं, "मावशी म्हणतात ते खरं?" ती उभी राहिली आणि म्हणाली, "खरं. पण टेप गळ्यात आल्यावर मला ती मावशी आहे हे कळत होतं. थोडं कळत होतं. तरी मारलं." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

ते तिघं आत जाऊन बोलले. परत आल्यावर बाई माझ्याशीच बोलल्या, आणि आवाज चढवून बोलल्या नाहीत. "त्याच दिवशी तुम्ही कळवलं असतं तर आम्ही अटी बदलल्या असत्या, समुपदेशक बदलला असता, आणि मुलगी कदाचित तुमच्याच घरी राहिली असती. देखरेख म्हणजे मुलीवर पहारा नव्हे. तिच्याबरोबर काय घडतंय ते कुणाला तरी खरं कळत राहावं, एवढाच त्याचा अर्थ. ते तुम्ही बंद केलंत." तीन महिने विशेष गृह, तिथं नीट तपासणी आणि उपचार, बापाबद्दल वेगळी चौकशी. त्यानंतर मला पुन्हा अर्ज करता येईल. रविवारी भेट.

मी वाद घालणारी बाई आहे. मंडळाला उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणायला मी घरून तयार होऊन आले होते. पण त्यांच्या बोलण्यात मला एक टाका सैल सापडेना.

बाहेर कॉरिडॉरमध्ये गृहाच्या बाई न्यायला आल्या होत्या. सर्दीसाहेब कागदांवर सह्या घेत होते, म्हणून थोडा वेळ होता. भिंगरी बाकावर बसली होती, मी तिच्यापासून एक जागा सोडून. माझ्या पिशवीतून कोटाची निळी बाही बाहेर आली होती. तिनं ती बघितली.

"याचा गळा राहिला ना?"

"राहिला."

तिनं स्वेटरची मान दोन्ही हातांनी खाली ओढली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "घे."

टेप माझ्या गळ्यात होता, नेहमी असतो. तो काढला, पण उजव्या हाताला पट्टी, दोन टोकं धरायची कशी? मी नुसती बघत राहिले. तिनं एक टोक माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या गळ्याच्या खळगीवर बोटानं दाबून धरलं. दुसरं टोक मी समोरूनच, डाव्या हातानं, हळूहळू तिच्या मानेमागून फिरवून आणलं. तिचा श्वास रोखलेला होता. मान ताठ होती. असं माप खोटं येतं, हे मी वर सांगितलंच आहे. मी तशीच थांबले. मग श्वास सुटला आणि मी आकडा वाचला.

मी बेतला होता त्यापेक्षा तो एक इंचानं जास्त होता. इतके महिने मी तिला लहान धरत आले होते.

"किती?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "लक्षात राहील?"

"राहील," मी म्हटलं. तिनं टोक सोडलं, स्वेटरची मान वर केली आणि त्या बाईंबरोबर गेली. वळणावर तिनं मागं पाहिलं नाही. पाठीमागं कुणी आहे असं वाटलं की ती वळत नाही, आणि आता मला त्याचं कारणही माहीत आहे.

जाता जाता गृहाच्या बाईंना मी विचारून घेतलं होतं. रविवारी कोट आणला तर चालेल, पण त्यात एकही टाचणी राहता कामा नये. घरी आले. दोन्ही कप घासून पुन्हा शेजारीशेजारी ठेवले. कात्री कुलपात ठेवावी असं घरात आता कुणी नव्हतं, तरी नव्या मापाचा गळा कापून झाल्यावर ती मी पेटीत ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली. मग टाचण्या न लावता, नुसत्या कच्च्या धाग्यानं, डाव्या हातानं मी गळा जोडायला घेतला. टाके वाकडे पडत होते, पण रविवार अजून लांब होता.